चुंबकामागं चालणारं पाणी

छावणी, छत्रपती संभाजीनगर
१८ नोव्हेंबर २०२४

मामा,

पाया पडायला वाकले की तुम्ही पाठीत धपाटा घालता, म्हणून नमस्कार कागदावरूनच करते. इथवर तुमचा हात पोचत नाही.

तुम्हाला ऐकू येईनासं झाल्यापासून फोन म्हणजे नुसता डबा. बद्रीनाथचा दुधाचा टेम्पो रोज सकाळी वेरूळहून छावणीत येतो, तेव्हा आपलं पोस्ट तोच. त्याला मी बजावलंय की पत्र दुधाच्या कॅनखाली ठेवायचं नाही.

दिवाळीनंतर तुमच्याकडं दोन दिवस राहून आले, ते मला अजून स्वप्नासारखं वाटतं. तुम्ही मेंढरं घेऊन वर गेला होता. घरात मी एकटी. परसात धावड्याची पानं तुम्ही तोडून ठेवलीच होती. काढा उकळायला एवढं मोठं भांडं सापडेना, तेव्हा मागच्या खोलीत खुंटीवर उपडं टांगलेलं जर्मनचं पातेलं काढलं. तुम्हाला विचारणार कसं, हाक मारली तरी ऐकू जाणार नाही आणि तुम्ही होता दोन डोंगर पलीकडं. संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा ओट्यावर माझं दुकान मांडून झालं होतं. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात, त्यात तो काढा, वरून अमोनिया, एकेक थेंब. पाणी पिवळं होतं ते बघता बघता काळं झालं. बाटलीला बाहेरून चुंबक लावला आणि आतलं सगळं पाणीच त्याच्यामागं सरकलं. तुम्ही खाली वाकून बघत म्हणालात, "अगं, हे तर वासरावानी मागं लागलंय."

ती बाटली इथं आणून मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. एका केसाच्या जाडीत हजारो मावतील असे कण आणि प्रत्येक सुटा. एकमेकांना चिकटलेले नाहीत. आमच्यात हेच सगळ्यांत अवघड. हे कण घाण पाण्यातला रंग, विष धरून ठेवतात, मग चुंबकानं ओढून बाहेर काढायचे, पाणी स्वच्छ. तेही कण सुटे ठेवायला वेगळं रसायन न घालता, नुसत्या पाल्यावर. माझ्या मार्गदर्शक मंजुषा मॅडम पाच वर्षांत पहिल्यांदा हसल्या.

आता एकच राहिलं. मार्चअखेर समिती बसेल. तिच्यापुढं हेच कण प्रयोगशाळेत तीनदा करून दाखवायचे. जमलं तर प्रबंध पुढं जाईल, नाही तर माझी मुदत संपली आणि पाच वर्षं पाण्यात. पण जमणारच आहे. तुम्ही फक्त पानं धाडा, तीन पिशव्या.

तुमची योगिनी


वेरूळच्या वरची वस्ती
२६ नोव्हेंबर २०२४

योगे,

तुझं पत्र दुधाचा वास घेऊन आलं. बद्रीनाथनं कॅनखालीच ठेवलं होतं. तरी अक्षर शाबूत होतं.

तीन पिशव्या धाडतो. पानं सकाळी दव वाळल्यावर तोडली, सावलीत पसरून ठेवली. मेंढरांना तिकडं फिरकू दिलं नाही. पातेलं वापरलंस ते बरं केलंस. भांडं वापरायलाच असतं.

कान गेल्यापासून मला स्वप्नं लई पडतात, आणि स्वप्नातही काही ऐकू येत नाही. परवा पडलं ते तुला सांगतो. मी उतरणीवर बसलो होतो, खाली मेंढरं चरत होती. एकाएकी सगळ्यांनी माना वर केल्या आणि एकाच दिशेला तोंडं केली. वारा नव्हता, कुत्रं नव्हतं, लांडगा नव्हता. मी उठून तिकडं चालत गेलो. जाता जाता माझंही अंग तिकडं ओढलं जायला लागलं. पोचलो तर तिथं काहीच नव्हतं, नुसती गवताची जागा, कुणी तरी बसून उठल्यावर राहते तशी. जागा झालो तर उन्हं वर आली होती. तुझ्या काळ्या पाण्याचं खूळ डोक्यात बसलं असणार.

माझी तब्येत ठीक आहे. तू गेल्यावर दोन-तीन दिवस जेवण गेलं नाही, ते सर्दीनं. आता जातं.

तुझा मामा, सूर्यभान


छावणी
२० डिसेंबर २०२४

मामा,

नाही जमत.

पहिल्या पिशवीचा काढा केला, सगळं तसंच केलं, तेवढेच क्षार, तेवढाच अमोनिया, तेवढाच वेळ. पाणी काळं झालं आणि मी नाचायच्या बेतात असताना खाली बसलं. तळाशी गाळ, वर तपकिरी पाणी, जुन्या नळातून येतं तसलं. चुंबक लावला तर गाळाचे गोळे कसेबसे सरकले. दुसऱ्या पिशवीचंही तेच. तिसरी तर मी डिस्टिल्ड पाण्यात, नव्या काचेच्या भांड्यात, घड्याळ लावून केली. तीच गत.

दुपारी दुपारी प्रयोगशाळेत कुणी नसतं. मी थेंब सोडत बसते, एक, मग दहा आकडे मोजायचे, मग दुसरा. मोजता मोजता भान जातं. खिडकीतून ऊन येतं, ते टेबलावरून सरकत भिंतीवर चढतं, आणि मला वाटतं मी तुमच्या ओट्यावरच बसले आहे. मग बघते तर गाळ.

मला पानांची शंका येते. तुम्ही धाडलेली पानं कडेनं तांबूस होती. थंडीत धावडा लाल पडतो, हे मी विसरलेच होते. दिवाळीची पानं हिरवी होती. मामा, पूर्ण हिरवी पानं मिळतील का? ओढ्याच्या अंगाला, सावलीतली. लवकर बघा, माघापर्यंत झाडं उघडी पडतील.

योगिनी


वस्ती
५ जानेवारी २०२५

योगे,

हिरवी पानं शोधली. आपल्या डोंगराला नव्हती. पलीकडच्या दरीत उतरलो, तिथं पाण्याच्या अंगाला दोन झाडं निघाली. एका वेळी एवढीच मिळाली म्हणून तीन दिवस गेलो. मेंढरं बद्रीनाथच्या पोरांनी सांभाळली. पायाला थोडं लागलं आहे पण हळद भरली आहे. तीन पुड्या वेगळ्या बांधल्या आहेत, कुठली कुठून ते आत चिठ्ठीवर लिहिलं आहे.

दरीत लई बरं वाटलं. वरून पानं पडत होती, लाल लाल, आणि आवाज नाही. पूर्वी पान पडल्याचा आवाज येत होता का, ते मला आता आठवत नाही. मी विचार करत खडकावर बसून राहिलो. तुझी मामी असती तर म्हणाली असती, "बसलं बघा माणूस, उठवायला पोलीस बोलवा."

आधीची पानं चुकीची गेली त्याचं वाईट वाटतं. माझंच चुकलं असणार. तू सांगशील तशी आणीन.

सूर्यभानमामा


छावणी
३ फेब्रुवारी २०२५

मामा,

तिन्ही पुड्या वाया गेल्या.

काल मंजुषा मॅडमनी मला समोर बसवून वही उघडली. म्हणाल्या, दिवाळीला जे झालं ते पुन्हा होत नाही याची दोनच कारणं असतात. एक तर तेव्हा काही वेगळं होतं, किंवा तेव्हा काही झालंच नव्हतं. त्या असं म्हणाल्या तेव्हा आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त लागलं. विभागात कुजबुज आहे की योगिनीनं बाजारातले तयार कण बाटलीत भरून आणले. ज्या मुली माझ्या डब्यातलं खातात त्याच हे बोलतात.

मी औरंगपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये बोलून आले आहे. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायला बाई हवीच आहे त्यांना. पंधरा दिवस बघते आणि मॅडमना लिहून देते की मी थांबते.

रागानं लिहिते आहे, पण लिहितेच. मी तुमच्या नजरेवर सगळं सोपवलं, ते चुकलं. तेव्हाची झाडं कुठली होती ते तुम्हाला नक्की आठवतं का? की वय झालं, धावडा समजून आणखी काही तोडलंत? मी स्वतः यायला हवं होतं.

आता पानं धाडू नका. झाडं उघडी झालीच असतील.

योगिनी


वस्ती
९ फेब्रुवारी २०२५

योगे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग मेंढरं वर नेली, तिथं तिसऱ्यांदा वाचलं. झाडं उघडी झाली आहेत, ऊन सरळ अंगावर येतं.

पानं तीच होती. परसामागच्या धावड्याची. त्या झाडाला मी लहानपणी झोका बांधला आहे, ते मी आंधळा झालो तरी ओळखीन. चूक पानांची नाही. मला पहिल्या दिवसापासून शंका होती आणि मी बोललो नाही.

तू खुंटीवरचं पातेलं घेतलंस ते तुझ्या मामीचं खळीचं पातेलं. तुला मागावर बसलेली मामी आठवत असेल, पण खळ करताना तू बघितलेली नाहीस, त्या वेळी तू शाळेत असायचीस. चिंचोके दळून त्याची पेज शिजवायची, ती लोकरीच्या ताण्याला, मागावरच्या उभ्या सुताला, कुंच्यानं फासायची, म्हणजे सूत सुटं राहतं, एकमेकात गुंतत नाही, घोंगडी कडक येते. दोन वर्षांमागं दिवाळीच्या आधी तिनं खळ केली, ताणा फासला, आणि पातेल्यात उरलेली बोटांनी निपटून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. खळ वाळून तळाला बसली. तिच्यावर तिच्या चार बोटांचे ओरखडे होते. मी ते पातेलं धुतलं नाही. उपडं टांगलं, म्हणजे धूळ जाऊ नये.

त्या दिवशी संध्याकाळी मी आलो तेव्हा पातेलं ओट्याखाली स्वच्छ पडलेलं होतं. तू हसत होतीस. काय हसत होतीस ते ऐकू येत नव्हतं, पण इतकी हसलेली मी तुला शाळा सुटल्यापासून बघितली नव्हती. मग काय बोलायचं? तुझ्यावर राग नव्हता. पाण्यावर होता, असं म्हण.

तुझी पत्रं येत गेली तसं मला कळत होतं की फरक पडला तो खळीचाच असेल. पण सांगितलं असतं तर तुला कळलं असतं तुझ्या काढ्यात काय धुऊन गेलं. ते तुला कळू नये म्हणून मी दरी उतरलो. माझ्यामुळं तुझी पाच वर्षं जात असतील तर ते तुझ्या मामीला, माझ्या बानालाही आवडणार नाही. म्हणून लिहितो.

क्लासमध्ये जाऊ नकोस.

मामा


छावणी
२७ फेब्रुवारी २०२५

मामा,

उत्तराला इतके दिवस लागले. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी खोलीचं दार लावून खूप रडले. पातेल्याच्या तळाशी पांढरट काही आहे हे मी बघितलं होतं. मला वाटलं पाण्याचा क्षार. वस्तीवर पाणी लांबून आणावं लागतं, दोन तांबे पाणी धुण्यात कशाला घालवा, असा विचार करून तसंच वापरलं. आणि इथं येऊन वहीत लिहिलं, "स्वच्छ धुतलेले भांडे". हे खोटं होतं. लहानसं वाटलं तेव्हा. त्याच खोट्यानं मला तीन महिने फिरवलं, आणि मी तुमच्या नजरेला बोल लावला. मामा, मला माफ करा. पायाला लागलं होतं ते आता कसं आहे?

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी वही मागून घेतली. मग म्हणाल्या, ती ओळ खोडायची नाही, तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय ते लिहायचं, तारीख घालून सही करायची. मी केलं. वहीत आता लिहिलं आहे, "भांड्यात चिंचोक्याच्या खळीचा वाळलेला थर होता." मॅडमनी खाली सही केली आणि मला घरी जाऊन जेव म्हणाल्या.

मग मी मोंढ्यातून चिंचोक्याचं पीठ आणलं, उकळत्या पाण्यात टाकलं. गुठळ्या झाल्या. तरी गाळून घेतलं आणि काढ्यात मिसळलं. मामा, निम्मे कण तरंगले. खळ त्या कणांना सुटं ठेवते, मामीच्या सुताला ठेवायची तसंच. म्हणजे वाट हीच आहे, फक्त माझी खळ वाईट आहे. मामी कशी करायची ते तुम्ही बघितलं आहे, मला नीट लिहून कळवा.

आता जे विचारायचं ते. समितीत एक सर आहेत, ते म्हणतात नवे कण जमले तरी दिवाळीच्या बाटलीत खळच होती याला पुरावा काय? नाही तर पहिला निकाल प्रबंधातून काढा. पुरावा एकच. ते कण यंत्रात तापवत न्यायचे आणि वजन किती घटतं ते बघायचं. लोखंड राहतं, त्याच्यावर जे झाडाचं, बियांचं असेल ते जळून जातं. पण बाटलीत आता चिमूटभरच उरलं आहे, बाकीचं आधीच्या तपासण्यांत गेलं. ते सगळं लागेल.

परवापर्यंत ती माझ्यासाठी नमुन्याची बाटली होती. आता मी ती कपाटातून काढते, चुंबक लावते, पाणी सरकतं, आणि मी परत ठेवून देते. मामीच्या हातचं जगात एवढंच राहिलं आहे. तुम्ही म्हणाल तर मी ती तुमच्याकडं पाठवते आणि पहिला निकाल काढून टाकते. पदवी कदाचित तशीही मिळेल, कदाचित नाही. तुमच्याशिवाय हे मी ठरवणार नाही.

योगिनी


वस्ती
६ मार्च २०२५

योगे,

आधी खळ. चिंचोके तव्यावर भाजायचे, टरफल तडकलं की काढायचं. आतला गर रात्रभर भिजत घालायचा, सकाळी पाट्यावर वाटायचा. उकळत्या पाण्यात कधी टाकायचा नाही, तिथंच तुझं चुकलं. बाना नव्या सुनांना ओरडून सांगायची, "आधी गार पाण्यात कालवा गं, मग ऊन पाण्यात सोडा, आन हात थांबवू नगा." एकाच अंगानं ढवळत राहायचं. बोट बुडवून उचललं की तार धरली पाहिजे. गार झाल्यावर वर साय येते, ती काढून टाकायची.

मी हे नुसतं लिहीत नाही. मी करून बघितलं. पहिल्यांदा करपली. दुसऱ्यांदा पातळ झाली. तिसऱ्यांदा तार आली. त्याच पातेल्यात केली. सोबत शेरभर भाजलेले चिंचोके धाडतो, आपल्याच चिंचेचे आहेत.

करताना तोंडावर वाफ आली, आणि तो वास. कान गेले पण नाक आहे. मी डोळे मिटून ढवळत होतो आणि मला वाटलं ती मागं उभी आहे आणि मी चुकीच्या अंगानं ढवळतो म्हणून गालात हसते आहे. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती गेली असती. बराच वेळ तसंच ढवळलं.

आता बाटलीचं. जाळ.

तुला वाटेल मामा मोठं मन करतो. तसं नाय. तुझी मामी शिळं काही ठेवत नव्हती. खळ रोजची रोज करायची, उरली तर गोठ्यात सारवणाला टाकायची. ती दोन वर्षं टांगून ठेवली ती मी. तिनं बघितलं असतं तर लाज काढली असती माझी. सूत सुटं राहावं म्हणून तिनं ती केली होती, आणि तुझ्या बाटलीत ती तेच काम करत बसली आहे. काम झालं की झालं.

पण एक कर. जाळशील तेव्हा तू तिथं हजर राहा. दुसऱ्यावर सोपवू नकोस. तिला आपल्या माणसानं पोचवलं असं होईल. त्या वेळी मी मेंढरांपाशी असेन, पण वेळ कळव.

पाय बरा आहे.

मामा


छावणी
२५ मार्च २०२५

मामा,

काल समिती झाली. तुमच्या चिंचोक्यांची खळ, तुमच्या पद्धतीनं, गार पाण्यात कालवून. सगळ्यांसमोर तीनदा केलं. तिन्ही वेळा पाणी चुंबकामागं गेलं. प्रबंध पुढं पाठवायला मान्यता मिळाली. मंजुषा मॅडम बाहेर येऊन व्हरांड्यात माझा हात धरून उभ्या राहिल्या. प्रबंधात खळीची पद्धत लिहिली आहे तिथं बानाबाई सूर्यभान यांचं नाव घातलं आहे. सरांनी विचारलं ह्या कुठल्या विद्यापीठाच्या, तर मी खरं ते सांगितलं.

बाटलीचं काम त्याआधी, अठरा तारखेला सकाळी साडेदहाला झालं. तुम्हाला कळवलं होतंच. मी यंत्रापाशी होते, शेवटपर्यंत. आत काय चाललं आहे ते दिसत नाही, आवाजही फारसा नसतो. पडद्यावर एक रेघ पुढं पुढं येत राहते. खोली गार होती, बाहेर निंबाला पालवी आली होती, आणि मला एकदा असंही वाटलं की मी डोंगरावर तुमच्या शेजारी बसले आहे आणि आपण दोघं मिळून हे बघतो आहोत. तुम्ही त्या वेळी कुठं होता?

ती रेघ मी कागदावर छापून घेतली आहे, तुम्हाला पाठवते. वाचायची कशी ते सांगते. डावीकडून ती सरळ येते, हे नुसतं गरम होणं. मग तीनशे अंशांच्या आसपास ती खाली उतरते, आणि पुन्हा सरळ होऊन पुढं जाते. पुढची सरळ रेघ लोखंडाची. नुसत्या पानांचे कण तापवले तेव्हा ती उतरण जवळजवळ नव्हतीच. तुमच्या नव्या खळीच्या कणांना ती आहे, अगदी तिथंच, तेवढीच. दोन्ही रेघा एकीवर एक ठेवल्या तर वेगळ्या करता येत नाहीत. सरांचं समाधान झालं.

मधली ती उतरण म्हणजे मामी, मामा. बोटाच्या एका पेराएवढी आहे.

घडी घालताना ती उतरणीवर येणार नाही असं बघून घातली आहे. बद्रीनाथला सांगितलं आहे, हे पाकीट खिशात ठेव.

योगिनी